ऐकणारा एक, ठरवणारा दुसरा : हैदराबादेतील सरकारी नोकरांच्या तक्रारींचा इतिहास

अफझलगंज म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांना सिटी बसचा थांबा, किराण्याचे ठोक व्यापारी आणि उस्मानिया दवाखाना आठवतो. पाचवे निजाम अफझलुद्दौला यांनी धान्याच्या व्यापाऱ्यांना ही जागा दिली आणि वस्तीला त्यांचे नाव पडले. पण याच वस्तीत, मुसी नदीच्या काठावर, या शहराच्या कारभाराची तीन साधने जवळजवळ उभी आहेत. अलीकडे आसफिया ग्रंथालय, म्हणजे आजचे राज्य मध्यवर्ती ग्रंथालय, आणि दवाखाना. पलीकडच्या काठावर हायकोर्ट. दवाखाना आणि हायकोर्ट या दोन्ही इमारती व्हिन्सेंट एश या एकाच वास्तुविशारदाच्या. माणसाची दुखणी अलीकडे, दाद पलीकडे, आणि दोहोंची कागदपत्रे ग्रंथालयात, अशी ही मांडणी आहे.

या लेखाचा विषय मात्र हायकोर्टाच्या दारापर्यंत पोहोचण्याआधीचा माणूस आहे. सरकारी नोकराची तक्रार ऐकायला खात्याकडून किंवा सरकारकडून जो अधिकारी नेमला जातो, तो. त्याला चौकशी अधिकारी म्हणा, सुनावणी अधिकारी म्हणा. इतिहासाच्या पुस्तकांत त्याला अर्धी ओळ मिळते. हैदराबादच्या इतिहासात मात्र त्याच्या टेबलावरचा अर्ज एकदा गोळीबारापर्यंत गेला आहे, आणि तो गोळीबार याच अफझलगंजच्या परिसरात झाला.

आधी ‘मुल्की’ या शब्दाकडे वळू. आपल्या घरांतल्या जुन्या माणसांना तो समजावून सांगावा लागत नसे. नातवंडांना सांगावा लागतो. १९१९ च्या फर्मानाने असे ठरले की निजामाच्या राज्यातील नोकरी मुल्की माणसालाच, म्हणजे इथल्याच माणसाला मिळेल. जन्माने जो मुल्की नसेल त्याने राज्यात १५ वर्षे कायम वास्तव्य केलेले असावे आणि परत मूळ गावी जाण्याचा विचार सोडल्याचे लिहून द्यावे. बाहेरच्याला नोकरी द्यायची तर निजामाची खास परवानगी हवी. आपली काही घराणी पिढ्यान्‌पिढ्या मराठवाड्यातली, म्हणून जन्माने मुल्की. काही पुण्या-नगराकडून वकिलीसाठी, शिक्षकीसाठी आलेली, म्हणून पंधरा वर्षे मोजत बसलेली. एकाच पंगतीत दोन्ही प्रकारची माणसे जेवत असत, आणि कोणाकडे दाखला आहे व कोणाकडे नाही हे यजमानाला ठाऊक असे.

सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली आणि हे गणित उलटे झाले. मुंबई, मध्य प्रांत आणि मद्रास येथून अधिकारी आणले गेले. मुख्य मुलकी प्रशासक झाले डी. एस. बखले, मुंबई इलाख्याचे मराठी आय. सी. एस. अधिकारी. म्हणजे आणणाऱ्यांतही मराठी, आणि ‘आमची जागा गेली’ म्हणणाऱ्यांतही मराठी. ‘बाहेरचे आले आणि आमच्यावर अन्याय झाला’ हे वाक्य आपल्याकडे सोयीने बोलले जाते. त्यातल्या ‘बाहेरचे’ आणि ‘आमचे’ या दोन्ही शब्दांत आपलेच आडनाव असू शकते, हे लक्षात ठेवलेले बरे. त्यात कचेरीची भाषा बदलली. वीस वर्षे उर्दूत मिसली हाताळलेला सरिश्तेदार एकाएकी इंग्रजी मसुद्यापुढे नवशिका ठरला. त्याच्या अकलेत काही फरक पडलेला नव्हता. फरक कागदाच्या भाषेत पडला होता.

आता १९५२ चा उन्हाळा सरल्यानंतरचे वरंगल पाहा. शाळाखात्यातील मुल्की शिक्षकांची तक्रार होती की खोट्या मुल्की दाखल्यांवर बाहेरची माणसे भरली जात आहेत आणि आपल्याला हलवले जात आहे. जुलैच्या अखेरीस शिक्षण खात्याचे उपसंचालक डॉ. शेंडारकर चौकशीसाठी वरंगलला गेले. त्यांनी शिक्षकांचे म्हणणे ऐकायचे, वर कळवायचे. दाखले रद्द करणे, बदल्या फिरवणे हा निर्णय वरच्यांचा. शिक्षक बोलले. विद्यार्थी रस्त्यावर आले. पण ऐकून घेतल्यानंतर काय झाले हे कोणालाच दिसेना. ऑगस्टभर मिरवणुका आणि संप एका गावातून दुसऱ्या गावात पसरत गेले आणि महिनाअखेरीस शहरात पोहोचले. मुख्यमंत्री बुर्गुल रामकृष्ण राव यांच्या सरकारने मुल्की नियमांचा विचार करायला मंत्रिमंडळाची उपसमिती नेमली, तोवर उशीर झाला होता. ३ सप्टेंबरला सिटी कॉलेजजवळ पोलिसांनी गोळ्या झाडल्या. मृतांचे देह उस्मानिया दवाखान्यात होते. ते मागायला जमाव जमला, आणि ४ सप्टेंबरला अफझलगंज-पत्थरगट्टी भागात पुन्हा गोळीबार झाला.

त्यानंतर चौकशी आयोग आला. हैदराबाद हायकोर्टाचे न्यायमूर्ती पिंगळे जगनमोहन रेड्डी, जे पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले, ते एकट्याने चौकशीला बसले. साक्षी झाल्या, वकील उभे राहिले, अहवाल छापला गेला. पण हा सारा सरंजाम गोळीबार योग्य होता की नाही हे पाहण्यासाठी होता. वरंगलच्या मास्तरांच्या मूळ अर्जाला असे काही लाभले नाही. त्यांच्या वाट्याला आली ती खात्यातल्याच वरिष्ठाने घेतलेली सुनावणी.

मी व्यवसायाने होमिओपॅथ. आमच्या शास्त्राचे जनक हानेमान यांनी वैद्याला घालून दिलेला पहिला नियम असा, की रुग्ण बोलत असताना मध्ये बोलू नये, त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावे आणि प्रत्येक नव्या तक्रारीला नवी ओळ द्यावी. निवृत्त कारकुनांच्या बाबतीत हे फार उपयोगी पडते. झोप कधीपासून नाही असे विचारले, तर तारखेऐवजी ज्येष्ठता यादीतला क्रमांक सांगणारे रुग्ण मी पाहिले आहेत. पण ऐकून घेतल्यावर पुडी मीच देतो. ऐकणाऱ्याच्या हातात पुडी नसेल, तर शेंडारकरांच्या जागी कितीही सज्जन माणूस बसवला तरी काय होणार?

१ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. मराठवाडा मुंबई राज्यात, कन्नड जिल्हे म्हैसूरमध्ये, तेलंगण आंध्र प्रदेशात. जिल्ह्यांबरोबर कर्मचारीही वाटले गेले. आपल्यापैकी कित्येक घरांत एक भाऊ औरंगाबादला गेला आणि दुसरा इथे राहिला, तो याच वाटपात. राज्य पुनर्रचना कायद्याच्या ११५ व्या कलमात त्यांच्यासाठी तरतूद होती : सर्वांना न्याय्य वागणूक मिळावी आणि त्यांच्या निवेदनांचा नीट विचार व्हावा म्हणून केंद्र सरकारला सल्लागार समित्या नेमता येतील. ‘सल्लागार’ हा शब्द पुन्हा वाचा. दोन राज्यांतील दोन पदे सारखी आहेत का हे ठरवताना कामाचे स्वरूप, जबाबदारी व अधिकार, किमान पात्रता आणि पगार असे चार निकष होते, पगार सर्वांत शेवटी. कागदावर हे निकष चोख. मात्र हैदराबादचे एक पद आंध्रच्या कोणत्या पदाबरोबर बसवायचे, यावर माणसाचे उरलेले आयुष्य अवलंबून होते. हैदराबाद राज्याच्या अभियांत्रिकी सेवेतील सुपरवायझरांचा दावा (महंमद शुजात अली विरुद्ध भारत सरकार) सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला तो १९७४ मध्ये, पुनर्रचनेनंतर अठरा वर्षांनी. न्यायालयाने सांगितले की पदोन्नतीची केवळ संधी ही सेवाशर्त नव्हे. कायद्याने ते बरोबर असेल. पण ज्याचा अर्ज तरुणपणी दाखल झाला, त्याला हे उत्तर पन्नाशीच्या आसपास ऐकायला मिळाले.

१९६९ चे तेलंगण आंदोलन आणि १९७२ चा सर्वोच्च न्यायालयाचा मुल्की निकाल आपल्या पिढीने पाहिला आहे. तो इथे पुन्हा सांगत नाही. त्यातून २१ सप्टेंबर १९७३ चे सहा-कलमी सूत्र निघाले, आणि त्यात एक कलम नोकरांच्या तक्रारींसाठी प्रशासकीय न्यायाधिकरणाचे होते. बत्तिसाव्या घटनादुरुस्तीने ३७१-ड हे कलम आले. आता वाटावे की ऐकणारा आणि ठरवणारा एक झाला. तसे झाले नाही. त्याच कलमाच्या पाचव्या उपकलमात राज्य सरकारला न्यायाधिकरणाचा आदेश बदलण्याची वा रद्द करण्याची मुभा ठेवली होती. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्यालाच निकाल पुसण्याचा अधिकार! संबमूर्ती खटल्यात, १९८६ च्या डिसेंबरात, सर्वोच्च न्यायालयाने ही मुभा घटनाबाह्य ठरवली. दहा वर्षे न्यायाधिकरणात बसलेल्या सदस्यांनी दिलेला प्रत्येक निकाल सरकारच्या मर्जीवर टांगलेला होता, हे आज वाचताना आश्चर्य वाटते.

त्याच्या एक वर्ष आधी, ३० डिसेंबर १९८५ ला, सरकारने ६१० क्रमांकाचा आदेश काढला होता. नियमाविरुद्ध नेमलेल्यांना ३१ मार्च १९८६ पर्यंत मूळ विभागात पाठवावे, असे त्यात म्हटले होते. नेमणुकांविरुद्धची अपिलेही त्याच मुदतीत निकालात काढायची होती. तीन महिने दिले होते. २००१ मध्ये त्याच आदेशाची अंमलबजावणी का झाली नाही हे पाहायला निवृत्त सनदी अधिकारी जे. एम. गिरग्लानी यांचा एकसदस्य आयोग नेमावा लागला. त्यांनी खात्याखात्यांतून माहिती मागवली, संघटनांचे म्हणणे ऐकले, आणि २००४ मध्ये अंतिम अहवाल दिला. त्यांनाही शिफारसच करता येत होती. २०१४ मध्ये राज्य वेगळे झाले तेव्हा त्या अहवालातले कितीतरी मुद्दे सभांमध्ये ओरडून सांगितले जात होते. ते सुनावणीच्या खोलीतले मुद्दे होते.

२०१६ मध्ये तेलंगणापुरते ते न्यायाधिकरणही बंद झाले आणि प्रलंबित प्रकरणे हायकोर्टाकडे गेली, म्हणजे अफझलगंजहून नया पूल ओलांडला की समोर दिसणाऱ्या इमारतीत.

एक विनंती करून थांबतो. आपल्या घरी आजोबांची ट्रंक असेल, तर तिच्यात मुल्की दाखला, उर्दू जरीद्यातील नेमणुकीचे पान, १९५६ नंतरची ज्येष्ठता यादी किंवा तिच्याविरुद्ध केलेल्या निवेदनाची स्थळप्रत सापडण्याचा संभव आहे. हायकोर्टाचे निकाल छापलेले आहेत, आयोगांचे अहवालही आहेत. खात्यातल्या सुनावणीत माणूस नेमके काय बोलला, ते मात्र बहुधा त्या स्थळप्रतीतच उरले आहे. कागद उर्दूत असेल तर टाकून देऊ नका. वाचणारी माणसे अजून या शहरात आहेत. संस्थेच्या ग्रंथालयात त्याची छायाप्रत दिलीत तरी पुरे.