तीस तासांची गोष्ट

नवख्या ट्रक ड्रायव्हरनं किती तास कुणाच्या तरी शेजारी बसून गाडी चालवावी आणि मग एकट्यानं रस्त्यावर यावं? प्रश्न तसा साधा वाटतो. अमेरिकेच्या सरकारला उत्तर द्यायला तीस वर्षं लागली, आणि शेवटी जे उत्तर आलं त्यात आकडाच नव्हता. एखादं स्पेसिफिकेशन कसं लिहिलं जातं आणि मीटिंगागणिक कसं पातळ होत जातं, हे आपण आयटीवाले रोजच बघतो. इथे फरक एवढाच, की प्रॉडक्शनमधला बग म्हणजे ३६ टनांचा ट्रेलर.

सुरुवात १९८० पासून करू. त्या वर्षी जिमी कार्टर यांनी मोटर कॅरियर ॲक्टवर सही केली आणि ट्रकिंगमधलं परमिटराज बरंचसं संपलं. नव्या कंपन्या धडाधड निघाल्या, भाडी उतरली, ड्रायव्हर जास्त लागायला लागले. पण हे ड्रायव्हर यायचे कुठून? त्या काळी अमेरिकेतल्या अनेक राज्यांत कारचं लायसन्स असलेला माणूस त्याच लायसन्सवर अख्खा ट्रेलर चालवू शकायचा! शिवाय काही बहाद्दरांकडे दोन-तीन राज्यांची लायसन्स असायची. एकावर दंड साचले की खिशातून दुसरं काढायचं.

यावर उपाय म्हणून १९८६ मध्ये कायदा आला. एका ड्रायव्हरला एकच लायसन्स, आणि अवजड गाडीसाठी वेगळी परीक्षा. १ एप्रिल १९९२ पर्यंत सगळ्यांनी हे नवं लायसन्स घ्यायचं होतं. कायदा चांगलाच होता, पण त्यात परीक्षा होती, शिक्षण नव्हतं. परीक्षा पास होणं आणि काम येणं यातलं अंतर इंजिनिअरिंग केलेल्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही.

गंमत म्हणजे शिक्षण कसं असावं याचा कागद तयार होता. सरकारच्याच महामार्ग खात्यानं १९८५ मध्ये ट्रेलर ड्रायव्हरांसाठी एक आदर्श अभ्यासक्रम काढला होता, किमान ३२० तासांचा. आठवड्याला चाळीस तास धरले तर पूर्ण आठ आठवडे. अर्थात तो ऐच्छिक होता.

१९९१ मध्ये काँग्रेसनं (त्यांच्या संसदेनं) सांगितलं, नवशिक्यांच्या प्रशिक्षणाचं बघा, नियम करायचा का ते ठरवा. मग अभ्यास झाला आणि त्याचा अहवाल आला. त्यात स्पष्ट म्हटलं होतं की ट्रक, प्रवासी बस आणि शाळेची बस, तिन्हीकडचं प्रशिक्षण अपुरं आहे. त्यानंतर बरीच वर्षं शांतता. अखेर २००४ मध्ये नियम आला. किती तासांचा? सुमारे दहा. आणि त्या दहा तासांत काय? ड्रायव्हरची पात्रता, कामाच्या तासांचे नियम, तब्येतीची काळजी आणि मालकाच्या गैरप्रकाराची तक्रार केल्यास मिळणारं संरक्षण. स्टिअरिंग कुठेच नाही! गाडी न चालवता गाडी चालवायचं प्रशिक्षण. रस्ता सुरक्षेसाठी काम करणाऱ्या संस्था कोर्टात गेल्या आणि २००५ मध्ये कोर्टानं ठणकावलं, की तुमचाच अहवाल एक सांगतोय आणि तुम्ही भलतंच करताय.

२००७ मध्ये नवा प्रस्ताव आला: एकूण १२० तास, त्यातले ४४ प्रत्यक्ष चालवण्याचे. २०१३ मध्ये तोही मागे घेतला. तोपर्यंत २०१२ मध्ये काँग्रेसनं पुन्हा हुकूम दिला होता, आता मात्र नियम कराच.

मग २०१५ मध्ये त्यांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. ट्रक कंपन्या, ड्रायव्हरांच्या संघटना, प्रशिक्षण संस्था, राज्यांचे अधिकारी, विमावाले, सुरक्षावाले अशा पंचविसेक जणांना एका टेबलाभोवती बसवलं. एरवी एकमेकांशी कोर्टात भांडणारी ही मंडळी. त्यांच्या चर्चेतून ट्रेलरसाठी आकडा निघाला: ३० तास, प्रत्यक्ष चाकामागे. किमान दहा बंदिस्त मैदानात, साधारण दहा रस्त्यावर, बाकीचे शिक्षक ठरवेल तिथे. ३२० वरून ३०. पण निदान आकडा तरी होता. मार्च २०१६ च्या मसुद्यात तो छापलाही गेला.

डिसेंबर २०१६ मध्ये अंतिम नियम आला आणि त्यात ३० तास गायब! त्याऐवजी, सगळे विषय शिकवा आणि विद्यार्थी तयार झाला असं शिक्षकाला वाटलं की झालं. लेखी भागात ८० टक्के मार्क हवेत, चाकामागच्या भागात किमान तास नाहीत. कारण असं दिलं, की तीस तास शिकवल्यानं अपघात कमी होतात असा पुरेसा डेटा नाही.

हे कारण मला पटत नाही. कुठला ड्रायव्हर किती तास शिकला याची देशभर नोंद ठेवायची सक्तीच नव्हती, तर डेटा येणार कुठून? लॉगिंग बंद ठेवायचं आणि म्हणायचं, लॉगमध्ये एरर दिसत नाही.

पण समोरची बाजू अगदीच पोकळ नाही. एकाला वीस तासांत रिव्हर्स जमतो, दुसऱ्याला साठ तासांतही ट्रेलर सरळ मागे घेता येत नाही. शिवाय केबिनमध्ये चार विद्यार्थी कोंबून, एक चालवतोय आणि तीन बघतायत, असेही तास भरता येतात. आपल्याकडच्या मोटर ट्रेनिंग स्कूलमध्ये कार शिकलेल्यांना ठाऊक असेल, ब्रेकवर पाय बहुतेक वेळ शिक्षकाचाच असतो. म्हणून तास हे पुरेसं माप नाही, हे मान्य. पण पुरेसं नाही म्हणून किमानही नको, हे कसं?

हा नियम लागू व्हायला ७ फेब्रुवारी २०२२ उजाडलं. प्रशिक्षण संस्थांनी आपण पात्र आहोत असं स्वतःच जाहीर करून सरकारी यादीत नाव घालायचं, अशी पद्धत. डिसेंबर २०२५ मध्ये सरकारनं त्यातल्या सुमारे तीन हजार संस्थांना यादीतून काढत असल्याचं जाहीर केलं.

शेजारच्या कॅनडात उत्तर फार लवकर आलं, पण त्याची किंमत भयानक होती. ६ एप्रिल २०१८ ला सस्कॅचेवान प्रांतात दोन ट्रेलर जोडलेला ट्रक स्टॉपच्या पाटीवर न थांबता चौकात शिरला आणि हंबोल्ट ब्राँकोज या ज्युनिअर हॉकी टीमची बस त्याच्यावर आदळली. १६ ठार, १३ जखमी. ट्रकचा ड्रायव्हर भारतातून गेलेला तरुण होता. मालकाबरोबर दोन आठवडे फिरून तो एकट्यानं चालवायला लागला होता, त्यालाही जेमतेम दोन आठवडे झाले होते. कोर्टात पुढे आलं, की मागची ताडपत्री फडफडत होती आणि त्याचं लक्ष आरशात तिच्याकडे होतं. त्या नादात चौकाआधीच्या चार इशाऱ्याच्या पाट्या त्याला दिसल्याच नाहीत. त्यानं गुन्हा कबूल केला, आठ वर्षांची शिक्षा झाली.

ताडपत्री. लायसन्सच्या परीक्षेत ती कोण विचारणार? हे नेमकं शेजारी कुणीतरी जाणता बसलेला असताना शिकायचं असतं: बाजूला घे, थांब, उतर, आधी दोरी बांध.

अपघात झाला तेव्हा सस्कॅचेवानमध्ये अशा लायसन्ससाठी सक्तीचं प्रशिक्षण नव्हतं. ओंटारियोनं मात्र २०१७ मध्येच १०३.५ तास सक्तीचे केले होते. सस्कॅचेवाननं मार्च २०१९ पासून १२१.५ तास केले. डेटा आहे का, यावर तिथे फार वेळ गेला नाही.

आणि आपल्याकडे? आपल्याकडचं खरं विद्यापीठ म्हणजे क्लीनरची सीट. उस्तादच्या शेजारी बसायचं, काचा पुसायच्या, टायर ठोकून बघायचे, घाटात मागून ओरडून गाडी लावून घ्यायची, ढाब्याच्या आवारात चार फूट पुढे-मागे करायची आणि एखाद्या रात्री उस्तादला झोप अनावर झाली की एकदम हायवे. ताडपत्री मात्र पहिल्या दिवसापासून. यात काही वर्षं जातात, म्हणजे तासांच्या हिशोबात आपण कॅनडाच्याही पुढे. फक्त उस्तादच्या वाईट सवयीही त्याच पॅकेजमध्ये येतात, आणि या काळाची कागदावर कुठेच नोंद नसते.

कागदावर आहे ते वेगळं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार व्यावसायिक गाडीचं शिकाऊ लायसन्स मिळण्याआधी हलक्या गाडीचं लायसन्स किमान वर्षभर हातात असावं लागतं. १९८९ च्या नियमांत मोटर स्कूलसाठी व्यावसायिक गाडीचं प्रशिक्षण किमान ३० दिवस आणि प्रत्यक्ष चालवणं १५ तास असं धरलं होतं. २०२१ मध्ये मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांचे नवे नियम आले. तिथे अवजड गाडीचा कोर्स सहा आठवड्यांत ३८ तासांचा, आणि तो पूर्ण केला की आरटीओतल्या ड्रायव्हिंग टेस्टमधून सूट. अमेरिकेतल्या त्या टेबलावरच्या तीसपेक्षा आकडा मोठा आहे, फक्त आपल्या ३८ मध्ये वर्गात बसायचे तासही धरलेले आहेत.