गावाचे रान, बिनपगारी राखणदार

मे १८६२मध्ये हेन्री डेव्हिड थोरो वयाच्या ४४व्या वर्षी वारला. त्याच्या अंत्यविधीच्या वेळी राल्फ वाल्डो इमर्सनने केलेले भाषण पुढे लेखरूपाने प्रसिद्ध झाले आणि थोरोविषयीच्या समीक्षेवर त्याची दीर्घकाळ छाप राहिली. त्या गौरवलेखात एक खंत आहे. साऱ्या अमेरिकेसाठी काही उभारण्याची कुवत असलेला हा माणूस महत्त्वाकांक्षेअभावी हकलबेरी वेचायला निघालेल्या मंडळींचा म्होरक्या होऊन राहिला, असा तिचा आशय. समाजाकडे पाठ फिरवून तळ्याकाठी बसलेला एकांतवासी ही थोरोची प्रतिमा रूढ होण्यास या खंतीचाही हातभार लागला असावा. मराठी वाचकाला थोरो भेटला तो दुर्गा भागवतांच्या 'वॉल्डनकाठी विचारविहार' या अनुवादातून. पण त्यातूनही आपण बहुधा एकांतातला थोरोच उचलला. येथे आम्हाला दुसऱ्या थोरोविषयी बोलायचे आहे. गावाच्या मालकीचे रान असावे, आणि गावाच्या सृष्टिसौंदर्याची राखण करायला समिती नेमावी, असे सुचवणारा हा थोरो आहे.

ऑक्टोबर १८५९मधील रोजनिशीत त्याने ही कल्पना मांडली. प्रत्येक गावापाशी पाचशे-हजार एकरांचे, कुऱ्हाडीपासून अभय मिळालेले, सर्वांच्या सामाईक मालकीचे रान असावे, असे त्याचे म्हणणे. जानेवारी १८६१मध्ये तो आणखी पुढे गेला. नदीकाठ, एखादी उंच टेकडी, एखादा धबधबा अशा गोष्टी खाजगी मालकीच्या असू नयेत, आणि गावाच्या सौंदर्याला बाधा येत नाही ना, हे पाहण्यासाठी गावाने एक समिती नेमावी, असे त्याने सुचवले. हेच विचार त्याच्या 'हकलबेरी' या अखेरच्या काळातील व्याख्यानाच्या हस्तलिखितात आले. हकलबेरी हे आपल्याकडच्या करवंदांसारखे कोणीही वेचावे असे रानफळ. त्याची रानेही आता जमीनमालक कुंपणे घालून अडवू लागले आहेत, या दुःखातून ते लेखन झाले. म्हणजे इमर्सनच्या खंतीला थोरोने आधीच उत्तर लिहून ठेवले होते. हकलबेरी वेचणे हाच त्याच्या दृष्टीने सार्वजनिक हक्काचा प्रश्न होता. रोजनिशी १९०६ साली छापली गेली, पण हे व्याख्यान स्वतंत्रपणे प्रसिद्ध व्हायला १९७० साल उजाडले. लेखकाची प्रतिमा त्याच्या कोणत्या पानांवरून घडते आणि कोणती पाने तोवर पेटीत पडून असतात, याचे हे बोलके उदाहरण आहे.

थोरोला सरकारी यंत्रणेविषयी आस्था नव्हती, हे सर्वश्रुत आहे. कर न भरल्याबद्दल जुलै १८४६मध्ये त्याने एक रात्र तुरुंगात काढली. मग समितीची कल्पना याच माणसाला कशी सुचली? आम्हाला याचे बीज 'वॉल्डन'च्या पहिल्याच प्रकरणात दिसते. तेथे तो स्वतःला हिमवादळांचा आणि पावसाचा स्वयंनियुक्त निरीक्षक म्हणवतो, रानवाटांची देखभाल आपणच केल्याचे सांगतो, आणि गावाने या कामाची कधी दखल घेतली नाही, अशी मिस्कील तक्रारही करतो. हा विनोद आहे, पण नुसता विनोद नाही. पगार नाही, हुद्दा नाही, तरी काम आपलेच आहे असे मानणारा माणूस येथे बोलतो आहे. त्याला निर्दोष ठरवण्याचे मात्र कारण नाही. एप्रिल १८४४मध्ये त्याच्याच हातून लागलेल्या आगीत कॉन्कॉर्डचे सुमारे तीनशे एकर रान जळाले होते. शिवाय पोटासाठी तो जमीनमोजणी करी, आणि त्याने मोजलेली कितीतरी रानपट्टी पुढे तोडीसाठी विकली गेली. रान कसे नाहीसे होते, हे त्याला आतून ठाऊक होते.

त्याच्या मृत्यूनंतरचा वॉल्डनचा इतिहास याच प्रश्नाभोवती फिरतो. १८६६ साली रेल्वे कंपनीने तळ्याच्या एका टोकाला सहलीचे उद्यान उभारले. १९०२ साली ते जळाले. १९२२ साली इमर्सन, फोर्ब्ज आणि हेवूड या कुटुंबांनी तळ्याभोवतीची सुमारे ८० एकर जमीन मॅसॅच्युसेट्स राज्याला दान दिली. इमर्सन आणि थोरो यांचे वॉल्डन, त्याचे काठ आणि लगतचे रान जनतेसाठी राखले जावे, असा दानपत्राचा हेतू होता. व्यवस्था मिडलसेक्स परगण्याच्या आयुक्तांकडे सोपवली होती. १९५७ साली पोहणाऱ्यांच्या सोयीसाठी याच आयुक्तांनी काठावरची एकरभर झाडी तोडली आणि बांधकाम सुरू केले. मालकी सार्वजनिक होती, कागद चोख होता, तरीही कुऱ्हाड चालली, आणि तीही राखणदाराच्याच हातून.

ती थांबवली नागरिकांनी. १९४१ साली स्थापन झालेल्या थोरो सोसायटीच्या सभासदांनी वॉल्डन वाचवण्यासाठी समिती स्थापली आणि प्रकरण न्यायालयात गेले. १९६० साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने दानपत्राच्या हेतूचा आधार घेऊन आयुक्तांच्या विरोधात निकाल दिला. त्याच सुमारास कॉन्कॉर्ड गावाने स्वतःचा कचरा टाकण्यासाठी तळ्याजवळच, रस्त्यापलीकडची जागा निवडली होती. तो कचरा डेपो १९९४ साली बंद झाला. गाव मालक असले म्हणजे रान सुरक्षित राहते, हा भ्रम ठरायला एवढे पुरेसे आहे.

योगायोग असा की १९५७ सालीच मॅसॅच्युसेट्सने एक कायदा केला. इप्सविच या किनारी गावातील नागरिकांच्या पुढाकाराने झालेल्या या कायद्याने प्रत्येक गावाला संवर्धन समिती नेमण्याची मुभा दिली. सभासद तीन ते सात, मुदत तीन वर्षे. सभासद गावातलेच नागरिक, आणि बहुतेक ठिकाणी बिनपगारी. गावासाठी जमीन मिळवणे आणि तिची व्यवस्था पाहणे हे त्यांचे काम. आज राज्यातील सर्व ३५१ गावा-शहरांत अशा समित्या आहेत. १९७२ साली पाणथळ जमिनींच्या संरक्षणाचा कायदा अंमलात आणण्याची जबाबदारीही त्यांच्यावर आली. त्याच वर्षी राज्यघटनेत दुरुस्ती होऊन संवर्धनासाठी घेतलेली जमीन दुसऱ्या कामी लावायची तर विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मते लागतील, असे ठरले. कायदा करणाऱ्यांनी थोरोची रोजनिशी उघडून पाहिली होती, असा आमचा दावा नाही. त्याने सुचवलेली समिती ९६ वर्षांनी त्याच्याच राज्यात अवतरली, एवढेच आम्ही नोंदवतो.

या समित्यांच्या कामात दिपवणारे काही नसते. हद्दीचे दगड जागेवर आहेत की शेजाऱ्याचे कुंपण सरकले, हे चालत जाऊन पाहायचे. वाटेवर पडलेली झाडे करवतायची, दलदलीवर फळ्या टाकायच्या, झाडांवरच्या पुसट झालेल्या खुणा पुन्हा रंगवायच्या. वसंतात लसणाचा वास येणारी परदेशी मोहरी बी धरण्याआधी मुळासकट उपटायची. पुढच्या वर्षी ती पुन्हा उगवते, मग पुन्हा उपटायची. समितीच्या पाच-सात जणांना हे आवरत नाही, म्हणून गावातले आणखी स्वयंसेवक एकेका रानाचे पालकत्व घेतात. या कामाला शेवट नाही, त्यामुळे त्याची गाथाही होत नाही.

या व्यवस्थेची मर्यादाही सांगितली पाहिजे. बिनपगारी काम त्यालाच परवडते ज्याच्याकडे वेळ आणि स्वास्थ्य आहे. श्रीमंत गावात राखलेल्या रानाने शेजारच्या घरांच्या किमती वाढतात, आणि गरिबाला ते गाव आणखी दुरावते. कॉन्कॉर्डने आपल्या त्रिशताब्दीच्या वर्षी, १९३५मध्ये, गावाचे म्हणून एक रान राखले. त्यातील झऱ्याला ब्रिस्टर फ्रीमन या गुलामगिरीतून सुटलेल्या माणसाचे नाव आहे. वॉल्डनच्या रानात अशी माणसे राहिली, कारण तिथली जमीन निकस होती आणि इतरांना ती नको होती. 'वॉल्डन'मधल्या 'पूर्वीचे रहिवासी' या प्रकरणात थोरोने त्यांची आठवण ठेवली आहे. ज्यांना दुसरीकडे जागा नव्हती त्यांचा आसरा पुढे सर्वांचे रान झाला. त्या 'सर्वां'त त्यांचे वारस किती, हा प्रश्न स्वयंसेवकांच्या हाती असलेल्या नकाशावर लिहिलेला नसतो.

तरीही इमर्सनची खंत आज आम्हाला उलटी वाचावीशी वाटते. दानपत्र, कायदा, घटनादुरुस्ती हे सारे लागतेच. पण १९५७ सालची कुऱ्हाड यांपैकी कोणाला स्वतःहून दिसली नसती. ती दिसली रोज त्या वाटेने चालणाऱ्यांना. दुर्गाबाईंनी शीर्षकात योजलेला 'विहार' हा शब्द या दृष्टीने फार नेमका आहे. रानाची राखण आधी पायांनी होते. हकलबेरी वेचायला निघालेल्या मंडळींचा म्होरक्या असणे म्हणजे तरी दुसरे काय? चार माणसांना त्यांच्याच गावाच्या रानात घेऊन जाणे, आणि ते त्यांचे आहे, हे त्यांना कळू देणे.