पेशीची वेस

आपल्या देहांतील प्रत्येक पेशीभोंवतीं एक पापुद्रा असतो. तो इतका पातळ कीं, असे एक लक्ष पापुद्रे एकावर एक रचले तरी जाडी जेमतेम मिलिमीटरभर होईल. या वेशींतून कोणतें द्रव्य किती वेगानें आंत येतें, यावर कित्येकदां मनुष्याचे प्राण अवलंबून असतात.

या वेशीचे नियम उलगडले ते झूरिक येथें. चार्ल्स अर्नेस्ट ओव्हर्टन हे इंग्रज शास्त्रज्ञ तेथें वनस्पतींच्या पेशी निरनिराळ्या द्रावणांत ठेवून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहत. साखरेच्या तीव्र द्रावणांत पेशींतील पाणी बाहेर ओढलें जाऊन जीवद्रव्य आक्रसे. मद्यार्काच्या द्रावणांत तसें घडत नसे. साखर बाहेरच अडे, मद्यार्क तत्काळ आंत शिरे. शेंकडों द्रव्यें अशीं पारखून त्यांनीं १८९९ सालीं निष्कर्ष मांडला कीं, जें द्रव्य तेलांत सहज विरघळतें तें वेगानें पार होतें; अर्थात् पापुद्राही स्निग्ध असला पाहिजे. १९३३ सालीं फिनलंडचे कोलांडर यांनीं दाखविलें कीं, रेणूचा आकारही महत्त्वाचा. अति लहान रेणू अपेक्षेहून लवकर जातात. शिवाय आंतबाहेरील तीव्रतेंत जितकें अंतर अधिक, तितका हा ओघ अधिक. उष्णतेनेंही तो वाढतो.

मग तेलांत न विरघळणारी साखर आंतड्याच्या पेशींत शिरते कशी? १९६० सालीं प्राग येथील परिषदेंत अमेरिकेचे रॉबर्ट क्रेन यांनीं उत्तर सुचविलें: ग्लुकोज ही शर्करा मिठांतील सोडियमचा हात धरून स्वतंत्र द्वारानें आंत येते. या जोडीमागोमाग पाणीही येतें. पटकींत देहांतील पाणी वाहून जातें, तरी हें द्वार बंद पडत नाहीं.

१९६८ सालीं ढाका येथें रुग्णांवर याची प्रचीति आली. पुढें १९७१ सालीं बंगालमधील बनगांवच्या निर्वासित छावणींत पटकी पसरली आणि शिरेंतून द्यावयाचें द्रावण संपत आलें. तेव्हां डॉ. दिलीप महालनवीस यांनीं मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज यांच्या पुड्या करवून त्यांचें पाणी रुग्णांच्या आप्तांकरवीं पाजविलें. शेंकडा ३० पर्यंत गेलेलें मृत्यूंचें प्रमाण शेंकडा ४ च्या आंत आलें.

आज अशी पुडी औषधांच्या दुकानांत मिळते. तिच्यांतील शर्करा रुचीसाठीं नसते. मिठाला व पाण्याला वेशींतून आंत नेण्यासाठीं असते. म्हणून पुडीवर लिहिलेलें पाण्याचें माप चुकवूं नये, आणि वरून साखरही घालूं नये. अधिक साखर आंतड्यांतच राहून उलट देहांतील पाणी बाहेर ओढते.