दिनविशेष, ८ ऑक्टोबर : भूतानची कोरी पाटी

आशिया खंडातील देशांची १९ वी बहुक्रीडास्पर्धा चीनमधील हांगझोऊ येथे ८ ऑक्टोबर २०२३ रोजी समाप्त झाली, तेव्हा सहभागी ४५ संघांपैकी बहुतेकांच्या नावावर किमान एक पदक जमा झाले होते. मात्र १९८६ च्या सोल स्पर्धेत प्रथम उतरलेल्या भूतानची पाटी याही वेळी कोरीच राहिली. जेमतेम आठ लाख लोकवस्तीच्या देशाबाबत यात नवल नाही. नवल आहे ते धनुर्विद्येचे, कारण १९७१ पासून तो भूतानचा राष्ट्रीय खेळ आहे आणि १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये या देशाने केवळ धनुर्धरच पाठवले होते. तथापि तेथील पारंपरिक सामन्यात सुमारे १४५ मीटरवरच्या अरुंद, रंगीत फळीवर नेम धरला जातो आणि बाण लागताच फळीजवळ उभे असलेले सहकारी गात नाचतात. ऑलिम्पिकमधील रिकर्व्ह, म्हणजे टोके पुढे वळलेल्या धनुष्याच्या प्रकारात, अंतर ७० मीटर असते, तर कंपाउंड, म्हणजे कप्पी बसवलेल्या धनुष्याच्या प्रकारात, ते ५० मीटर असते. त्यामुळे गावच्या मैदानावरील कौशल्य तेथे जसेच्या तसे उपयोगी पडत नाही. त्याच हांगझोऊत नागपूरच्या ओजस देवतळेने कंपाउंड प्रकारात तीन सुवर्णपदके मिळवली. भूतानच्या कर्मा या महिला धनुर्धराने मात्र त्यापूर्वीच टोकियो ऑलिम्पिकची थेट पात्रता मिळवली होती आणि पदकतक्त्यात न दिसणारी ही कामगिरी अधिक मोलाची मानावी लागेल.