वगळण्यातून घडलेला सूर : कीबोर्डवरच्या फिल्टरची गोष्ट



तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाने कीबोर्डच्या बटणांवर का बोलावे, असा प्रश्न काहींना पडला असेल. पण बघा, आज सोलापुरात भजनी मंडळ असो की लग्नातला ऑर्केस्ट्रा, पेटीच्या शेजारी, कधी पेटीच्या जागीच, कीबोर्ड आलेला आहे. त्यावर इक्वलायझर आणि फिल्टर अशा दोन सोयी असतात. बहुतेक जण त्यांना हात लावत नाहीत, किंवा नको तितका लावतात. या सोयींना इतिहास आहे, आणि त्यातला एक मोठा भाग आपल्या मुंबईत घडलेला आहे.

आधी मुळाशी जाऊ. पेटी, सनई आणि बासरी एकाच पट्टीत षड्ज वाजवतात, तरी डोळे मिटून आपण त्या ओळखतो. हे कसे? जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८६३ सालच्या ग्रंथात याचे उत्तर दिले. एका सुरात मूळ स्वराबरोबर अनेक उपस्वर असतात. कोणता किती जोरात, यावर आवाजाचा रंग ठरतो. फिल्टर म्हणजे या उपस्वरांची चाळण. काही जाऊ द्यायचे, काही अडवायचे.

आपल्या जुन्या पेटीची रीत याच्या उलट. खर्ज, नर, मादी अशा सुरांच्या पट्ट्या. आवाज भरदार हवा तर आणखी एक खुंटी ओढायची. म्हणजे भर घालायची. या पेटीवर १९४० साली आकाशवाणीने बंदी घातली आणि ती सुमारे तीन दशके टिकली. मींड निघत नाही, श्रुती जुळत नाहीत, हे आक्षेप स्वरस्थानांबद्दलचे होते आणि त्यांत तथ्यही होते. आवाजाच्या रंगाचा प्रश्न मात्र बाजूलाच राहिला.

तो प्रश्न सिनेमाने हाती घेतला. १९५४ साली 'नागिन' आला. संगीत हेमंतकुमारांचे. त्यातली गारुड्याची पुंगी अख्ख्या देशाने ऐकली, पण ती पुंगी नव्हतीच! कल्याणजींनी ती क्लॅव्हिओलिनवर वाजवली होती. फ्रान्सच्या कॉन्स्टंट मार्टिन यांनी १९४७ च्या सुमारास केलेले हे छोटे विजेचे वाद्य. एका वेळी एकच सूर. मूळ आवाज उपस्वरांनी गच्च भरलेला. खटके दाबून खालचे किंवा वरचे उपस्वर कापायचे, थोडा कंप द्यायचा. उरले ते पुंगीसारखे वाजले. त्यानंतर कित्येकांच्या कानात खऱ्या पुंगीची ओळख हीच बनून बसली.

पुढचा टप्पा अमेरिकेत. रॉबर्ट मूग यांनी १९६० च्या दशकात असा फिल्टर केला की कुठून कापायचे ती सीमा वाजवता वाजवता सरकवता यावी. सीमेपाशीचे उपस्वर उठावदार करण्याचीही सोय त्यात होती. त्याला रेझोनन्स म्हणतात. आता फिल्टर नुसता खटका राहिला नाही, वादनाचाच भाग झाला. मुंबईच्या चरणजित सिंग यांनी १९८२ साली भैरव, ललित, तोडी असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. हाताशी रोलँड कंपनीचे टीबी-३०३ हे यंत्र होते. बास गिटारची जागा घेईल म्हणून विकलेले ते यंत्र. त्याचा फिल्टर फिरवला की सूर ओला, चिवट होई, आणि एका सुरावरून दुसऱ्यावर घसरताही येई. पेटीवर ज्या मींडेसाठी ठपका आला, तिची थोडी छाया इथे सापडली. रेकॉर्ड चालली नाही. १९८७ साली शिकागोत त्याच यंत्रावर 'अ‍ॅसिड हाउस' नावाचा प्रकार गाजला, आणि २०१० मध्ये ही रेकॉर्ड पुन्हा निघाली तेव्हा जग चकित झाले.

आणि इक्वलायझर? तो आला टेलिफोनकडून. लांबच्या तारेत काही कंपने जास्त क्षीण होत. ती भरून काढून पाठवलेला आणि पोचलेला आवाज समान करायचा, म्हणून ते नाव. फिल्टर रंग बदलतो, इक्वलायझर मुळात न्याय करायला निघाला होता.

बौद्ध आचार्य दिङ्नाग यांचा अपोहवाद इथे आठवतो. 'गाय' हा शब्द अर्थ कसा सांगतो? जे जे गाय नाही, ते ते वगळून. ओळख वगळण्यातून घडते. क्लॅव्हिओलिनची पुंगी हेच सांगते. पण मग प्रश्न उरतो : काय वगळायचे, आणि ते कुणी ठरवायचे?

हा प्रश्न पुस्तकी नाही. पत्र्याच्या सभामंडपात भजन चालू आहे, असे समजा. शब्द स्पष्ट कळतात ते मुख्यतः १००० ते ४००० हर्ट्‌झच्या पट्ट्यात. नेमके तिथेच कीबोर्डवाला चमक वाढवतो; खाली त्याचा बास पखवाजावर चढतो. मग गायक माइकचा आवाज वाढवायला सांगतो, आणि शेवटी सगळेच ओरडू लागतात. अभंग असतो, पण शब्द हरवतात. अशा वेळी कीबोर्डवाल्याने मधला पट्टा थोडा उतरवावा, खालचा कापावा. त्याचे वाद्य एकटे ऐकले तर पातळ वाटेल; मंडळात मात्र ते योग्य जागी बसेल.

यंत्र आपले की परके, हा वाद पेटीच्या वेळी बराच झाला. आम्हांला वाटते, खरा प्रश्न दुसराच आहे. बटण फिरवणारा दुसऱ्यासाठी किती जागा सोडतो? ते यंत्र ठरवत नाही, कान ठरवतो.