गुरांचे मीठ

सोलापूर जिल्ह्याचा इतिहास सांगावयास बसले म्हणजे सिद्धरामेश्वर, मंगळवेढ्याचे दामाजीपंत, कापडाच्या गिरण्या आणि १९३० सालचा लष्करी कायदा एवढे सांगून वक्ता बहुधा मोकळा होतो. गुरांचा इतिहास कोणी सांगत नाही. पण ज्या मुलखात पाऊस रुसला की गाव आधी गुराकडे पाहते आणि मग स्वतःकडे, त्या मुलखाचा इतिहास गोठा सोडून कसा लिहिता येईल? म्हणून आज मी खिल्लार गाईच्या चाऱ्याबद्दल, आणि त्याहून जास्त तिच्या मिठाबद्दल बोलणार आहे. मीठ म्हणजे नुसते खारे मीठ नव्हे. एक कडू मीठही या गोष्टीत आहे.

खिल्लार या शब्दाचा मूळ अर्थच गुरांचा कळप. सांगोला, मंगळवेढा, शेजारचे आटपाडी, जत, म्हसवड हा त्या जातीचा मुलूख. ही जनावरे राखणाऱ्यांना थिल्लारी म्हणतात. पांढरीशुभ्र किंवा करडी कांती, मागे वळून वर गेलेली लांब शिंगे, अंगात चपळाई अशी की दावे सुटले तर मालकाची धांदल उडावी. सांगोल्याचा रविवारचा बाजार, कार्तिकीला पंढरपूरजवळ वाखरीला भरणारा जनावरांचा बाजार, संक्रांतीच्या सुमारास सोलापूरच्या गड्ड्याची जत्रा, या ठिकाणी खोंडाची किंमत ठरते आणि तिच्यावर घरातले लग्न किंवा सावकाराचा हप्ता ठरतो. दुधासाठी ही गाय कोणी पाळीत नाही. तिचे दूध मुख्यतः वासराचे. धन्याला हवा असतो तो खोंड. विलायतेत मांसासाठी जे कळप पाळतात, त्यातील गाईचेही असेच असते. तीही माळावर चरते, तिचेही दूध वासरूच पिते, आणि दूध काढायला कोणी बसत नसल्यामुळे तिच्यात काही उणे पडले तर ते लवकर कोणाच्या ध्यानात येत नाही. दोन देशांतील हेतू निराळे. पण गाईचे शरीर काही हेतू ओळखत नाही.

आता ती खाते काय ते बघा. जिल्ह्याचा पाऊस सरासरी पाचशे ते सहाशे मिलिमीटर, पश्चिमेकडे त्याहूनही कमी. पावसाळ्यात माळावर चार महिने गवत, आणि पुढे कडबा. आपल्याच जिल्ह्यातील मोहोळच्या शेती केंद्रावर स्थानिक मालदांडी जोंधळ्यातून निवडलेले ३५-१ हे वाण पुढे साऱ्या दख्खनात पसरले, ते जितके भाकरीसाठी तितकेच कडब्यासाठी. १९३३ पासून सोलापुरात कोरडवाहू शेतीचे संशोधन सुरू झाले. कानिटकरांसारख्या शास्त्रज्ञांनी ओल कशी टिकवावी, बांध कसे घालावेत याचा तेथे कसून अभ्यास केला. त्यामुळे कडब्याची पेंढी वाढली. परंतु पेंढीत काय आहे आणि काय नाही, हा प्रश्न बराच काळ मागेच राहिला. कडब्याने पोट भरते, पण त्यात फॉस्फरस कमी आणि सोडियम, म्हणजे मिठाचे सत्त्व, तर फारच थोडे. म्हणूनच गाय गोठ्याची भिंत चाटते, चिंध्या चघळते, रानात पडलेले हाड तोंडात धरून हिंडते. आपण तिला खोडकर म्हणतो. ती बिचारी औषध शोधीत असते.

रेल्वेपूर्वी कोकणच्या मिठागरातील मीठ घाट चढून देशावर येई ते लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून. १८६० साली सोलापूरला आगगाडी आली आणि वाहतूक स्वस्त झाली. वाहतूक स्वस्त झाली, पण मीठ स्वस्त झाले नाही. कारण मिठावर सरकारचा कर होता. १८७० च्या दशकात मुंबई इलाख्यात मणाला, म्हणजे ८२ पौंडांना, एक रुपया तेरा आणे असा दर होता. मग १८७६ चा दुष्काळ पडला. सोलापूर जिल्हा त्यात होरपळून निघाला. गुरे मेली, विकली गेली, किंवा चाऱ्याच्या शोधात दूर हाकलली गेली. आणि हा दुष्काळ पुरता ओसरला नव्हता तोच मुंबई आणि मद्रास या दोन्ही इलाख्यांतील, म्हणजे नेमक्या दुष्काळी इलाख्यांतील, मिठाचा कर वाढवून अडीच रुपये करण्यात आला! सगळ्या इलाख्यांचा दर सारखा करावा, असे त्यामागचे हिशेबी कारण. हिशेब कागदावर बरोबर असेल. पण ज्या कुणब्याला भाकरीपुरते मीठ जड जात होते, तो गुराच्या पाटीत मूठभर मीठ कोठून टाकणार? हा कर पुढे १८८२ मध्ये दोन रुपयांवर उतरला, १८८८ मध्ये पुन्हा अडीचवर चढला, १९०७ पर्यंत एक रुपयावर आला, १९२३ साली दुप्पट करून परत अडीच झाला आणि पुढच्याच वर्षी सव्वा झाला. इतिहासकार हा चढउतार माणसांच्या संदर्भात मांडतात आणि ते योग्यच आहे. माझे म्हणणे एवढेच, की माणूस कर देऊन का होईना मीठ खातो. गुराच्या वाट्याचे मीठ आधी तुटते. १९४७ साली हा कर उठला.

आता कडू मिठाकडे येऊ. इंग्लंडात लंडनजवळ एप्सम नावाचे गाव आहे. तेथील हकीकत अशी सांगतात, की १६१८ च्या कोरड्या उन्हाळ्यात हेन्री विकर नावाच्या गुराख्याला एका खड्ड्यात पाणी दिसले. त्याने तो खड्डा मोठा केला, पण तहानलेली गुरे असूनही त्या पाण्याला तोंड लावीनात. पाणी कडू होते. पुढे लोक ते पाणी रेचक म्हणून पिऊ लागले. १६९५ च्या सुमारास नेहेमाया ग्रू या विद्वानाने त्यातील क्षारावर पुस्तक लिहिले. आणि १८०८ साली हम्फ्री डेव्ही याने मॅग्नेशियम ही धातू वेगळी काढली. ज्या क्षाराला गुरांनी नाक मुरडले, तोच क्षार तीन शतकांनी गुरांच्या प्राणावर बेतल्यावर धावून आला.

ते असे. हॉलंडमध्ये गाई हिवाळाभर गोठ्यात असतात आणि वसंतात हिरव्यागार कुरणावर सुटतात. सुटल्यावर थोड्याच दिवसांत एखादी धष्टपुष्ट, दुभती गाय एकाएकी बुजल्यासारखी करी, कान टवकारी, अंगाला थरथर सुटे, पाय अडखळत, ती खाली पडे, पाय झाडी आणि काही तासांत मरे. आपल्याकडे माळावर असे मरण आले तर पहिला संशय पान लागल्याचा जाईल. तिकडेही नाना तर्क चालत. १९३० साली उट्रेख्ट येथील स्योलेमा आणि सेकलेस यांनी अशा गाईंचे रक्त तपासून दाखविले, की त्यात मॅग्नेशियम फार उतरलेले असते. निरोगी गाईच्या शंभर मिलिलिटर रक्तद्रवात ते सुमारे दोन मिलिग्रॅम असते. एकाच्या खाली गेले की धोका. गंमत पाहा, त्याच वर्षी इकडे मिठाचा सत्याग्रह चालला होता, आणि सोलापुरात मे महिन्यात गोळीबार होऊन लष्करी कायदा पुकारला गेला होता. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा हे चौघे पुढच्या जानेवारीत येरवड्याला फासावर गेले. उट्रेख्टचा आणि सोलापूरचा काही संबंध नाही, फक्त साल एक. पण खाऱ्या मिठाचा आणि या रोगाचा संबंध मात्र आहे. तो शास्त्रज्ञांना बऱ्याच उशिरा उमगला.

शरीरातील सुमारे दोनतृतीयांश मॅग्नेशियम हाडांत असते, पण वयात आलेल्या गाईला ते लागलीच मोडून वापरता येत नाही. जणू जमीन आहे पण हातात रोकड नाही. रोजची गरज रोजच्या चाऱ्यातून भागली पाहिजे, आणि दुधावाटे ते रोज जातही असते. चाऱ्यातील मॅग्नेशियम रक्तात शिरते ते पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातून, आणि तेथे पोटॅशियम जास्त झाले की ही वाट अडते. कोवळ्या, भरपूर खत घातलेल्या गवतात पोटॅशियम जास्त असते. पण खरी मौज पुढे आहे. रवंथ करणारी गाय दिवसाला शंभर लिटर किंवा अधिक लाळ गिळते. या लाळेत एरवी सोडियम असते. गाईला मीठ मिळाले नाही, तर शरीर सोडियम राखून ठेवते आणि त्याच्या जागी लाळेत पोटॅशियम सोडते. म्हणजे मिठाला वंचित झालेली गाय आपल्याच लाळेने मॅग्नेशियमची वाट बंद करून घेते. पाटीत मूठभर मीठ टाकणाऱ्या जुन्या गुराख्याला यातले काही ठाऊक नव्हते. पण त्याची मूठ योग्य ठिकाणी पडत होती.

मग हा रोग आपल्याकडे आहे का? येथे स्पष्ट बोलले पाहिजे. सोलापूरची काळी माती ज्या काळ्या पाषाणातून झाली, त्यात मॅग्नेशियम भरपूर असते. माळावरच्या गवतावर आणि कडब्यावर जगणाऱ्या खिल्लार गाईत हॉलंडसारखा रोग सहसा संभवत नाही. तेव्हा प्रत्येक थरथरणाऱ्या गाईला मॅग्नेशियमची बाटली लावणारा विक्रेता जितका चुकतो, तितकाच ‘आपल्याकडे असले काही नसते’ म्हणून हात झटकणाराही चुकतो. कारण आपला चारा बदलला आहे. नीरेच्या उजव्या कालव्याने माळशिरस भिजले, १९८० साली उजनीचे धरण पुरे झाले, आणि कडब्याच्या जागी लसूणघास, हत्तीघास आणि युरियावर वाढविलेला मका आला. गोठ्यात संकरित गाय आली, जी वासरापुरते नव्हे तर डेअरीपुरते दूध देते. हा चारा आणि ही गाय हॉलंडच्या जवळची आहे, माणदेशाच्या नव्हे. वासरांचीही एक गोष्ट लक्षात ठेवावी. नुसत्या दुधावर फार महिने वाढविलेल्या वासरात हीच उणीव येते, हे अमेरिकेत मिशिगनच्या संशोधकांनी १९३५ साली दाखविले. आपले वासरू आईच्या पायाशी काडी-गवत चघळू लागते, हे त्याचे भाग्य.

दुष्काळाची कथा आणखी निराळी. १९३० च्या दशकात माळीनगर, श्रीपूर येथे साखर कारखाने उभे राहिले आणि पुढे हा जिल्हा उसाचा झाला. त्याबरोबर टंचाईचा चारा म्हणून उसाचे वाढे आले. १९७२ साली माणसांना खडी फोडण्याचे काम आणि सुकडी मिळाली. गुरांना जे मिळेल ते. २०१२-१३ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये सांगोला-मंगळवेढ्याकडे छावण्या पडल्या, २०१९ मध्ये मोठ्या जनावरामागे सरकारी अनुदान दिवसाला शंभर रुपयांपर्यंत गेले, आणि दावणीत मुख्यतः ऊस आणि वाढे. वाढ्याने जनावर जगते, यात शंका नाही. पण वाढ्यात ऑक्झलेट नावाचे द्रव्य असते. ते कॅल्शियमला बांधून टाकते आणि ते शरीराला मिळू देत नाही. महिनोन् महिने वाढ्यावर राहिलेली गाय छावणीतून परतते ती हाडाने पोकळ होऊन. पुढे ती माजावर येत नाही, आणि एक वेताचा खोंड बुडतो. पशुवैद्य वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडण्यास सांगतात ते याचसाठी. चुना पैशांत मिळतो. वेत हुकले तर नुकसान हजारांत जाते.

युरोपात या रोगाविरुद्ध गाईला धोक्याच्या आठवड्यांत रोज पन्नास-साठ ग्रॅम भाजलेले मॅग्नेसाइट, म्हणजे मॅग्नेशियम ऑक्साइड, देतात. ते बेचव असल्यामुळे गाय सहजी खात नाही, म्हणून मळीत कालवून किंवा चाटणाच्या ढेपेतून देतात. कोठे कोठे कुरणावरच त्याची पूड उडवितात. दोन दिवस देऊन तिसऱ्या दिवशी थांबून चालत नाही, कारण शरीर ते साठवून ठेवीत नाही. मॅग्नेसाइटचे खडक आपल्या तमिळनाडूत सेलमजवळ आहेत आणि मळीला तर सोलापूर जिल्ह्यात तोटा नाही. तरीही माळावरच्या गाईला एवढ्याची गरज नाही. मोठ्या जनावराला रोज तीस ग्रॅमच्या आसपास साधे मीठ आणि पशुवैद्याने सांगितलेले सुमारे पन्नास ग्रॅम क्षारमिश्रण भरडीत मिसळून दिले, तरी पुष्कळ काम होते. हिरव्या मक्यावर आणि घासावर दूध देणाऱ्या संकरित गाईच्या मिश्रणात मॅग्नेशियम किती आहे, ते मात्र पिशवीवर वाचून घ्यावे.

आणि गाय खरोखरच थरथरून पडली, तर घरगुती उपायात वेळ घालवू नये. तिला उठविण्याचा, मारण्याचा, गोंगाटाचा प्रयत्न करू नये. आवाजाने झटका वाढतो. पशुवैद्य कॅल्शियम आणि मॅग्नेशियमची सलाईन सावकाश शिरेतून देतात किंवा एप्समच्या मिठाचे पाणी कातडीखाली टोचतात. भराभर शिरेत गेलेले मॅग्नेशियम हृदय बंद पाडते, म्हणून हे काम शिकाऊ हाताचे नव्हे.

राहता राहिला जूनचा पहिला पंधरवडा. बेंदूर अजून यायचा असतो, उन्हाळ्याने गाय हाडावर आलेली असते, आणि वळवाच्या दोन सरी होऊन माळ हिरवा दिसू लागतो. त्या दिवसांत गाईला उपाशीपोटी माळावर सोडू नये. सकाळी आधी पेंढीभर कडबा आणि मीठ घालावे, मग दावे सोडावे, पहिल्या आठवड्यात दुपारीच परत आणावे.