मंगळावरील यंत्राचा माग

४ जुलै १९९७ या दिवशीं अमेरिकेचें ‘मार्स पाथफाइंडर’ हें यान मंगळावरील एरीस व्हॅलिस नांवाच्या प्राचीन पूरभूमींत उतरलें. हवेनें फुगविलेल्या पिशव्यांवर उड्या घेत घेत तें स्थिरावलें. त्यांतून ‘सोजर्नर’ ही सहा चाकांची चिमुकली गाडी बाहेर पडली, आणि त्या खडकाळ माळाचीं चित्रें पाहून सारें जग हरखून गेलें. परंतु कॅलिफोर्नियांतील जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीच्या मंडळींचा आनंद कांहीं निर्भेळ नव्हता. कांहीं दिवसांतच यानावरील संगणक हातचें काम टाकून मधूनच स्वतःला बंद करूं लागला व पुन्हां पहिल्यापासून सुरू होऊं लागला.

अशा वेळीं यानानें जमविलेली माहिती नष्ट होई, अशी एक समजूत पुढें पसरली. ती बरोबर नाहीं. जमलेली माहिती बहुधा शाबूत राही. पण त्या दिवसाचीं उरलेलीं कामें रद्द होऊन दुसऱ्या दिवसावर पडत. उतरलेल्या यानाचें आयुष्य अवघें तीस दिवसांचें धरलेलें, तेव्हां एकेक दिवस म्हणजे केवढें धन!

रोगी डोळ्यांआड, आणि त्याच्यापर्यंत निरोप पोहोंचावयास दहा मिनिटांहून अधिक काळ लागावा, अशी ही वैद्यकी होती. सुदैवानें यानाचें जुळें भावंड प्रयोगशाळेंत होतें. शिवाय यानाच्या आज्ञावलींत माग ठेवणारी एक सोय होती. संगणकाच्या सर्व कामांवर देखरेख करणाऱ्या मूळ व्यवस्थेला ‘ऑपरेटिंग सिस्टिम’ म्हणतात. येथें ती विंड रिव्हर या कंपनीची ‘व्हीएक्सवर्क्स’ ही होती. तिच्यांत कोणतें काम केव्हां थांबलें, कोणतें सुरू झालें, कोण कशाची वाट पाहत राहिलें, याची नोंद ही सोय क्षणोक्षणीं करी. वही भरली कीं जुन्या नोंदींवर नव्या चढत. आणि विशिष्ट घोटाळा होतांच लेखणी थांबे, म्हणजे अखेरच्या घटकेचा वृत्तांत हातीं राही. ती नोंद मंगळावरून मागविणें शक्य नव्हतें. म्हणून मंडळींनीं मंगळावर झालीं तींच कामें प्रयोगशाळेंतील जुळ्याकडून पुनःपुन्हां करवून घेतलीं. अठरा तासांच्या आंत तेंही तसेंच कोलमडलें!

नोंद वाचतांच उलगडा झाला. संगणकांतील कामांना कचेरींतल्याप्रमाणें पायऱ्या असतात. वरच्या पायरीचें काम आलें कीं खालच्यानें बाजूला व्हावयाचें. यानाच्या निरनिराळ्या उपकरणांकडून आलेली माहिती वांटून देणारें काम मामलेदाराच्या तोलाचें. सेकंदाच्या प्रत्येक आठव्या भागांत तें पुरें झालेंच पाहिजे. हवामानाच्या नोंदी घेणारें काम म्हणजे साधा उमेदवार. दोघांनाही कधीं कधीं एकाच दप्तराची गरज पडे, आणि दप्तराची किल्ली एकच. एकदां उमेदवारानें किल्ली घेतली; तोंच मधल्या पायरीचे कारकून आपलीं लांबलचक कामें घेऊन आले व त्यांनीं उमेदवाराला बाजूला सारलें. किल्ली उमेदवाराच्या खिशांत, आणि मामलेदार दाराशीं ताटकळत उभे! कारकुनांचा यांत दोष नाहीं. किल्लीची गोष्ट त्यांना ठाऊकच नव्हती. पुढच्या पाळीला देखरेखीचें काम येऊन पाही, तों वांटणी अपुरी. मग नियमाप्रमाणें सारी कचेरी बंद करून पुन्हां उघडावयाची.

हा दोष शास्त्राला नवा नव्हता. बटलर लॅम्पसन व डेव्हिड रेडेल यांनीं १९८० सालींच त्याचें वर्णन केलें होतें. किल्लीसाठीं वरिष्ठ खोळंबला असेल तर किल्ली परत येईपर्यंत उमेदवारालाच वरिष्ठाचा दर्जा द्यावा, या उपायाची शास्त्रशुद्ध मांडणी लुई शा, रघुनाथन राजकुमार व जॉन लेहॉस्की यांनीं १९९० मध्यें केली. ‘व्हीएक्सवर्क्स’मध्यें ही तजवीज होतीही, पण नेमकी त्या कुलपापुरती, थोडा वेळ वाचावा म्हणून, ती बंद होती.

उड्डाणापूर्वीं हा दोष कोणाच्या दृष्टीस पडलाच नव्हता काय? पडला होता. यान उतरण्यापूर्वींच्या चांचण्यांत तो दिसला होता. परंतु शोधूं जातां पुन्हां प्रगट झाला नाहीं. यानाच्या आज्ञावलीचे प्रमुख ग्लेन रीव्ह्ज यांनीं पुढें हें मोकळेपणानें लिहिलें. त्या वेळीं सर्वांचें लक्ष यान सुखरूप उतरण्यावर होतें, आणि तो क्रम चुकीचा होता असें म्हणवत नाहीं. यान आपटलें असतें तर या दोषाला विचारतो कोण? शिवाय मंगळावरून माहिती अपेक्षेहून अधिक वेगानें येऊं लागली. कामाचा एवढा सुकाळ होईल, हें चांचणी घेणाऱ्यांनीं धरलेंच नव्हतें.

उपाय एका खुणेचा. परंतु ती बदलली कीं तिचा परिणाम त्या जातीच्या सर्वच कुलपांवर होणार. म्हणून कंपनीला विचारून व जुळ्यावर पारखून मगच बदल पाठविण्यांत आला. नवी आज्ञावली सबंध न पाठवितां जुन्या-नव्यांतील फरक तेवढाच धाडला. यानानें तो तपासून आपल्या प्रतींत बसविला. यानंतर तो दोष पुन्हां उद्भवला नाहीं, आणि तीस दिवसांचें म्हणून पाठविलेलें तें यान २७ सप्टेंबर १९९७ पर्यंत पृथ्वीकडे माहिती धाडीत राहिलें.